नॉईसचा पक्षी पडेपर्यंत

शुक्रवार

लेकीच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. वय चौऱ्याहत्तर, पाठ अजून ताठ, बोलणं मोजकं. आज सकाळी जिन्यात भेटले तर हातात चार हँगर आणि चारही हँगरना कडक इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र पँटी. एका माणसाला एकदम चार पांढऱ्या पँटी कशाला लागतात, म्हणून मी लेकीला खुणावलं. तिनं विचारलं. आजोबांनी बोटांवर मोजून दाखवलं : शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. रोज एक.

नॉईस हे जर्मनीतलं ऱ्हाईन नदीकाठचं गाव. नदीच्या पलीकडे ड्युसेलडॉर्फ, लोकलनं पाव तासाच्या आत. गाव म्हणते खरी, पण वस्ती दीड लाखाच्या वर आहे. जुलैत मी लेकीकडे आले तेव्हाच तिनं बजावलं होतं, "आई, परतीचं तिकीट ऑगस्ट संपल्याशिवाय काढायचं नाही. इथं नेमबाजीचा उत्सव असतो, तो बघूनच जा." श्युत्सनफेस्ट. श्युत्सन म्हणजे नेमबाज. मी कोल्हापूरची. १ ऑगस्टला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं, ते आम्ही इथं स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून पाहिलं होतं. त्यामुळे माझ्या डोक्यात चित्र पक्कं होतं : रेंज, लक्ष्याचे कागद, गुणफलक, शांतता. लांबचा चष्मा पुसून ठेवला.

दुपारी जावईबापू कामावरून लवकर आले आणि आम्हाला ओबरस्ट्रासवरच्या हाउस रोटेल्समध्ये घेऊन गेले. तिथं ऱ्हाईनकाठच्या या नेमबाज मंडळांचंच संग्रहालय आहे. काचेआड गणवेश, झेंडे, जुने फोटो आणि चांदीच्या साखळ्या. साखळी म्हणजे नाजूक काही नाही. छातीभर चांदीचे पत्रे एकात एक अडकवलेले. दरवर्षी जो राजा होतो तो आपल्या नावाचा एक पत्रा करून त्यात जोडतो. वर्षं वाढतात तसं ओझंही वाढत जातं.

हे राजे कुठून आले, तर गावाच्या तटावरून. मध्ययुगात इथल्या शहरांना पगारी फौज परवडायची नाही, राखण नागरिकांनीच करायची. म्हणून कुंभार, विणकर, व्यापारी अशा लोकांनी मंडळं बांधली. आधी धनुष्य, मग चापाला आडवी दांडी लावलेलं क्रॉसबो, पुढे बंदूक. मंडळांचा रक्षक संत सेबास्टियन. तो स्वतः बाणांनी विंधला गेला आणि बाण मारणाऱ्यांचाच देव झाला. प्लेगपासूनही तोच वाचवतो अशी श्रद्धा, म्हणून ही मंडळं सराव करायची तशी साथीत मेलेल्यांना मूठमातीही द्यायची आणि सभासदाच्या विधवेकडे बघायची. ॲमस्टरडॅमला रेम्ब्राँटचं १६४२ सालचं ते भलंमोठं चित्र बघायला लोक रांगा लावतात ना, 'रात्रीचा पहारा' म्हणून ओळखतात ते? त्यातली मंडळी म्हणजे अशाच एका बंदूकवाल्या मंडळाचे सभासद आहेत. नॉईसमधलं एक नेमबाज मंडळ आपलं साल १४१५ सांगतं.

वर्षातून एकदा उंच खांबावर लाकडी पक्षी लावायचा आणि तो पाडायचा. जो पाडेल तो वर्षभराचा राजा, आणि बऱ्याच गावांत राजाला त्या वर्षाचा कर माफ. हा पक्षी पूर्वी पोपट असायचा. जर्मनमध्ये पापागाय, डचमध्ये पापेखाय. पोपट या मुलखात नाही, मग तोच का, हे मला कळलं नाही. पण खांबावरचा पक्षी पाडणं हा खेळ १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्येसुद्धा होता. त्याच ऑलिंपिकला आपल्याकडून बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावायला गेले होते आणि एकोणिसावे आले होते. एकाच गावात एकीकडे बेल्जियमवाले पोपट पाडतायत आणि दुसरीकडे चौगुले धावतायत, हे डोळ्यांसमोर आणून बघायला मला फार आवडलं.

नातू चार वर्षांचा. त्याला संग्रहालयात एकच प्रश्न होता. "आजी, बंदूक कधी उडणार?"

"उद्या," मी म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

शनिवार

बरोबर बाराला धडाका झाला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, नातू टेबलाखाली. लगेच सेंट क्विरिनस चर्चच्या घंटा सुरू झाल्या आणि त्या थांबेनात. तोफांनी सुरुवात करून दिली की नॉईसची किर्मेस सुरू. गावातले लोक या उत्सवाला श्युत्सनफेस्ट कमी आणि किर्मेस जास्त म्हणतात. किर्मेस म्हणजे आपल्याकडची जत्रा : पाळणे, चकरी, खाऊचे गाडे.

आजोबा खाली आले ते पहिली पँट घालून. वर हिरवा कोट, पीस खोवलेली टोपी, हातमोजे, खांद्याला बंदूक. नळीच्या तोंडात फूल खोचलेलं. नातवानं हात लावून पाहिला आणि माझ्याकडे वळून जाहीर केलं, "लाकडाची आहे." खरोखर लाकडाचीच होती, खेळण्यातल्यासारखी. मी लेकीला म्हटलं, विचार, ही उडते का? आजोबा पहिल्यांदा मोठ्यानं हसले. "उडत नाही. चालते. माझ्याबरोबर. बावन्न वर्षं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. सगळा उत्सव एका संस्थेखाली होतो, ती १८२३ पासून आहे. १७९४ ते १८१४ इथं फ्रेंचांचा अंमल होता आणि जुन्या मंडळांचा मोड झाला होता. नंतर प्रशियाचं राज्य आलं आणि गावानं नव्यानं उत्सव उभा केला. त्या संस्थेखाली पलटणी. ग्रेनेडियर काळ्या कोटात आणि उंच काळ्या टोपीत, येगर म्हणजे शिकारी हिरव्यात, शिवाय हुबर्टस, नेमबाजांचं जुनं मंडळ, घोडेस्वार, तोफवाले, आणि सगळ्यांत पुढे कुऱ्हाडी घेतलेले सापोर. पलटणीत लहान लहान तुकड्या, तुकडीला म्हणायचं त्सुग. त्सुग म्हणजे पंधरा-वीस मित्र. आजोबांच्या त्सुगात शाळासोबती होते, सुरुवातीला वीस. आता नऊ जुने, बाकीचे पोरांचे मित्र.

या नऊ जणांची वर्षभर दर महिन्याला बैठक. वर्गणी. कोणी आजारी पडला तर डबा कोण पोचवणार, हे तिथंच ठरतं. गणवेश स्वतःच्या पैशानं. दरवर्षी आपापसांत छोटी नेमबाजी करून त्सुगाचाही एक राजा निवडतात. मी ऐकत होते आणि मला आमच्या गल्लीतलं तालीम मंडळ दिसत होतं, त्यातला तो एक खजिनदार तर हुबेहूब दिसत होता. गणपती तोंडावर आले होते. नेमका मंडळांना ऊत यायचा महिना, आणि मी इथं.

आजोबांचं बोलणं एका गोष्टीला येऊन थांबलं. त्यांच्या तुकडीची मशाल.

रात्री मशालींची मिरवणूक असते, फाकेलत्सुग. मशाल म्हणजे मला वाटलं काठीला फडकं गुंडाळून तेल. तशा छोट्या मशाली असतातही. पण खरी मजा मोठ्या मशालींची. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेला कागद, आतून दिवे, आणि एवढ्या मोठ्या की गाड्यावरून ओढत न्याव्या लागतात. त्या तुकड्या आठवडेच्या आठवडे एका शेडमध्ये बसून स्वतः करतात. विषय आधी फोडायचा नाही. आजोबांनी आम्हालाही सांगितला नाही. पाच मिनिटं गप्प बसून फक्त "बघाच" म्हणाले.

नऊच्या सुमाराला रस्त्याकडेला उभे राहिलो. गर्दी अशी की नातू जावईबापूंच्या खांद्यावर. आधी ढोल-बासऱ्यांची पथकं आली. बासरी छोटी, आवाज चिरणारा, ताल एकसारखा. मग दिवे मालवल्यासारखी गल्ली काळोखी झाली आणि वळणावरून एक उजळलेलं डुक्कर आलं. म्हणजे कागदाचं, दोन माणसं उंच, आतून पिवळं. त्यामागे एक फलाट, त्यावर वाट बघून सांगाडे झालेले प्रवासी, घड्याळाचे काटे गळून पडलेले. लोक टाळ्या पिटत होते. मग नगरपालिकेच्या एका कामाची टर. मला कळली नाही, पण शेजारच्या बाईच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली, म्हणजे नेम लागला होता. हे आमचेच देखावे की. चालते-बोलते देखावे. फरक इतकाच की इथं साउंड सिस्टीमच्या भिंती नाहीत, आणि टर उडवली म्हणून कोणी कोणाच्या अंगावर गेलं नाही.

आजोबांची मशाल मध्यरात्रीच्या जरा आधी आली. दोन म्हाताऱ्या कोंबड्या, एका गावातला एक पूल, आणि पुलाला गेलेला तडा. आजोबा गाड्याच्या डाव्या बाजूला. आम्ही ओरडलो. त्यांनी मान वळवली नाही. हनुवटी मात्र वर गेली.

नातू झोपला होता. बंदूक काही उडाली नाही.

रविवार

पहाटे पाचाला ढोल. स्वप्नच वाटलं. ही जागं करायची फेरी असते, झोपलेल्यांना झोपू द्यायचं नाही हाच तिचा उद्देश. कोल्हापुरात भूपाळी लावतात, इथं ताशा.

सकाळी क्विरिनसच्या चर्चमध्ये प्रार्थना. चर्चचा पाया १२०९ साली घातला गेला, तो शिलालेख अजून भिंतीत आहे. क्विरिनस हा रोमन लष्करातला अधिकारी, श्रद्धेपायी मारला गेलेला. परंपरा सांगते की १०५० साली पोप लिओ नववा यानं त्याचे अवशेष आपल्या बहिणीला दिले. ती इथल्या मठाची प्रमुख होती. मग १४७४ च्या जुलैत बर्गंडीच्या 'धाडसी' चार्ल्सनं गावाला वेढा घातला. वेढा १४७५ च्या जूनपर्यंत चालला, जवळजवळ अकरा महिने, आणि गाव पडलं नाही. लोकांनी क्विरिनसला हाका मारल्या, आणि तटावर उभे राहिलेही. सम्राट फ्रेडरिक तिसऱ्यानं खूश होऊन गावाच्या चिन्हात साम्राज्याचा गरुड दिला. तो सन्मानाचा गरुड अजून चिन्हात आहे.

प्रार्थनेनंतर मुख्य चौकात राजाचं संचलन. राजा म्हणजे गावातलाच कोणी, गेल्या वर्षी पक्षी पाडलेला. चौकाच्या उंचवट्यावर तो उभा होता, गळ्यात साखळी. पुढून पलटणींमागून पलटणी, गुडघा न वाकवता पाय वर. साडेसात हजारांवर माणसं, वाजवणारे धरून. तासभर मी मोजत होते, मग सोडून दिलं. कुऱ्हाडवाले दाढीधारी लोक आले, पांढऱ्या चामड्याची ॲप्रन घातलेले. छोटी मुलं आली जुन्या दरबारातल्या पोरांच्या वेशात, एकाच्या पायातला बूट सुटला होता आणि तो लंगडत लंगडत ओळीत राहायचा प्रयत्न करत होता. एका तुकडीचा माणूस फुलांनी भरलेलं मोठं शिंग सांभाळत चालला होता, घामानं न्हालेला. फुलं ताजी असतात म्हणून ते चांगलंच जड असतं.

मग माझ्या लक्षात आलं आणि मी लेकीला विचारलं, "बायका कुठायत?"

नाहीत. गणवेश घालून चालतात ते पुरुषच. वाद्यपथकांत मात्र मुली आहेत, कारण त्या वाजवतात. वरच्या आजींची नात त्यातच बासरी वाजवते. मी आजींना विचारलं, कसं वाटतं? त्या खांदे उडवून म्हणाल्या, "माझा नवरा वर्षातले चार दिवस घरात नसतो. मला ते चार दिवस फार आवडतात." लेकीनं भाषांतर केलं तेव्हा तिलाही हसू आवरेना. पण परत घरी येताना ती म्हणाली, "आई, नात मोठी झाली आणि तिला हिरवा कोट हवासा वाटला तर?" बाहेर जर्मनीत बऱ्याच मंडळांत बायका आहेत, राणी नव्हे तर स्वतः पक्षी पाडून राजा झालेल्याही आहेत. या गावाची गाडी अजून त्या स्टेशनावर आलेली नाही.

संध्याकाळी जत्रेत गेलो. राइबेकूखेन खाल्ले : बटाटा किसून तेलात थापून खरपूस तळलेले, वर सफरचंदाचा गोड गर. साबुदाण्याशिवायचं उपासाचं थालीपीठच ते, फक्त सफरचंद कशाला ते कळेना. तीन खाल्ले.

बंदूक? नातवानं विचारायचं सोडून दिलं होतं. मीच विचारलं.

"मंगळवारी," जावईबापू म्हणाले. "फक्त मंगळवारी. तीही संध्याकाळी."

म्हणजे नेमबाजीच्या उत्सवात चार दिवस चालायचं आणि शेवटी काही वेळ नेम धरायचा.

सोमवार

पाय सुजले. दुपारपर्यंत कुठं गेले नाही. मग आजोबांच्या तुकडीनं आम्हाला त्यांच्या बैठकीला बोलावलं, कारण कोल्हापूरहून आलेली पाहुणी ही त्यांच्यातही बातमी झाली होती. लांब बाकडी, छोट्या ग्लासातली गडद बिअर, मला सफरचंदाचा रस.

मी मोबाइलवर स्वप्नीलचा फोटो दाखवला. शिवाय सांगितलं, आमच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली तुमच्या म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक सुवर्णपदक जिंकलंय. तीही कोल्हापूरची. फोटो बाकड्यावरून हातोहात फिरला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आजोबा म्हणाले, "तो खेळ. उत्तम खेळ. ही किर्मेस आहे."

तिथंच वेर्लच्या गावाची गोष्ट निघाली. २०१४ साली वेस्टफालियातल्या वेर्लजवळ एका मंडळात तुर्की वंशाच्या मुस्लिम सभासदानं पक्षी पाडला आणि राजा झाला. मंडळाला अडचण नव्हती, पण वरच्या कॅथलिक नेमबाज महासंघाच्या नियमात राजा ख्रिश्चनच हवा होता, आणि त्यांनी साखळी परत मागितली. देशभर गदारोळ झाला. शेवटी तडजोड : राजेपद राहू द्या, वरच्या पातळीवरच्या स्पर्धांत मात्र नाही. टेबलावर दोन मतं पडली. एक म्हणाले नियम तो नियम, दुसरे म्हणाले पक्ष्याला कोण विचारतो तू कोणाच्या देवाचा. आवाज चढले, मग ग्लास भरले, आवाज उतरले. २०१५ साली जर्मनीनं आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत हे नेमबाज मंडळांचं काम नोंदवलं. वारशात असले वादही आपोआप आले असणार.

मंगळवार

दुपारी चारलाच बाहेर पडलो, चांगली जागा मिळावी म्हणून. नातवाला पाणी पाजलं, बिस्किटं दिली, रस दिला. इथं माझी चूक झाली, पण ते पुढं.

मैदानावर उंच खांब, टोकाला लाकडी पक्षी, पंख पसरलेले. त्याच्यामागे गोळ्या अडवायला पोलादी पेटी. खाली बंदूक ठेवायचं स्टँड, आणि भोवती दोरी. हे पाहून माझी निराशा जराशी ओसरली : बंदूक खरी होती.

आधी पक्ष्याचे तुकडे पाडतात. डोकं, उजवा पंख, डावा पंख, शेपूट. प्रत्येकाचं वेगळं बक्षीस, प्रत्येकाचा पाडणारा वेगळा. द्रोणाचार्यांनी इथं परीक्षा घेतली असती तर सगळे पांडव नापास झाले असते. अर्जुन पक्ष्याचा डोळा तेवढा दिसतो म्हणाला होता. इथं डोळ्यात कोणाला रस नाही, सगळ्यांची नजर खिळ्यांवर. कारण लाकूड घट्ट असतं, गोळी नुसती भोक पाडून जाते, तुकडा खाली यायला त्याचा सांधा तुटावा लागतो.

आणि शेवटचं धड पाडायला नंबर लावतात ते राजा व्हायचे उमेदवार. ते फार नसतात. मला वाटलं रांग लागेल. आजींनी कानात सांगितलं, राजाला वर्षभर सगळ्यांना जेवू घालावं लागतं, पाजावं लागतं, प्रत्येक कार्यक्रमाला हजर राहावं लागतं. म्हणून उमेदवार वर्षानुवर्षं पैसे साठवतात, बायकोशी वाटाघाटी करतात. आणि नेम? नेम सगळ्यांचा बऱ्यापैकी असतो. धड एका दोऱ्याएवढ्या फाकेवर लटकत राहतं, एकेक जण आळीपाळीनं मारतो, कुणाची गोळी शेवटची ठरेल हे त्यालाही ठाऊक नसतं. म्हणजे कौशल्य, खिसा आणि नशीब, तिन्ही लागतं. आमदारकीसारखं आहे म्हणा.

पहिली गोळी सुटली तेव्हा नातू दचकला नाही. "आजी, उडाली!" एवढंच म्हणाला, जणू पाच दिवस मीच त्याला फसवत होते. डोकं गेलं. एक पंख गेला. दुसरा पंख चिवट होता, कितीतरी गोळ्या खाऊन लोंबकळत राहिला, मग अचानक गळून पडला. शेपूट. आता उरलं धड, चाळणी झालेलं. उमेदवार पुढे आले. एक गोळी, धूळ. दुसरी, धूळ. फाका उडाल्या. माणसं इतकी गप्प की झेंड्याचं कापड ऐकू येत होतं. मी चष्मा नाकावर घट्ट बसवला.

"आजी, शू."

"थांब हं राजा, एक मिनिट."

"आजी, आत्ता."

लेक दोन रांगा मागे, जावईबापूंच्या हातात कॅमेरा. पोराच्या चेहऱ्यावर ते भाव होते जे कुठल्याही आजीला ओळखता येतात. उचललं आणि गर्दीतून सुटले, मैदानाच्या कडेला ठेवलेल्या निळ्या प्लास्टिकच्या संडासांकडे. दार लावतेय न लावतेय तोच बाहेर असा गजर झाला की संडास हलला. मागोमाग बँड. मागोमाग टोप्या हवेत, हे मला दाराच्या फटीतून दिसलं.

पाच दिवस उभी राहिले, पाय सुजवून घेतले, आणि ऐन वेळेला मी प्लास्टिकच्या संडासात. खांबावरचा पोपट त्यांनी पाडला, झाला मात्र माझा.

बाहेर आले तेव्हा नवा राजा खांद्यावर होता. कोण होता, कसा होता, दिसलंच नाही, नुसत्या पांढऱ्या पँटी दिसल्या. लेक धावत आली, "बघितलंस ना?" मी नातवाकडे बोट दाखवलं. ती तिथंच मटकन बसली हसत.

मग अंधार पडल्यावर ते वाकेलत्सुग म्हणतात ते सुरू झालं. पहिल्या रात्री फाकेल, म्हणजे मशाल, आणि शेवटच्या रात्री वाकेल, म्हणजे डुलणं. चार दिवस गुडघा न वाकवता चाललेली माणसं आता हातात हात अडकवून, ओळ मोडून, झोकांड्या खात गावात परतत होती. पलटणी एकमेकांत मिसळल्या होत्या. ग्रेनेडियरच्या डोक्यावर येगरची टोपी, येगरच्या डोक्यावर काही नाही. कोणी बायकोला ओळीत ओढलं. कोणी मुलीला. आता चालत होतं, आता कोणी विचारत नव्हतं. आजी हिरव्या कोटाच्या ओळीत शिरल्या आणि आजोबांच्या कोपरात कोपर घालून डुलत पुढे गेल्या. नात बासरी वाजवत मागून. नातवाला मी खाली सोडलं तर तोही डुलायला लागला. त्याला शिकवावं लागलं नाही.

नाद खुळा गाव आहे.

बुधवार

सकाळी रस्ते धुतलेले. पताका उतरवणारी शिडी कोपऱ्यावर. ट्राम पुन्हा आपल्या रस्त्यानं धावायला लागली होती.

गॅलरीत गेले तर वरच्या दोरीवर चार पांढऱ्या पँटी वाळत होत्या. तीन स्वच्छ. चौथीच्या गुडघ्यावर गवताचा हिरवा डाग, तळहाताएवढा. मंगळवार रात्रीचा. गुडघा शेवटी वाकला म्हणायचा.

आजी गॅलरीत आल्या. मी हातवारे करून सांगितलं : लिंबू, मीठ, ऊन. त्यांनी डागाकडे पाहिलं, आत पाहिलं. आतून आजोबांच्या घोरण्याचा आवाज येत होता. मग त्या लेकीला काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, राहू दे. ही डागाचीच पुढच्या वर्षी मंगळवारी घालेल तो."

दुपारी नातवानं लाटणं पळवलं. कुंडीतलं एक फूल तोडून ते त्याला चिकटपट्टीनं चिकटवलं आणि खांद्यावर टाकून हॉलभर फिरला. मला पोळ्या करायच्या होत्या. संध्याकाळपर्यंत काही ते परत मिळालं नाही.